तळटीप : तळेगावचा काचेचा कारखाना

पुण्याहून लोकलने देहूरोडनंतर बेगडेवाडी, घोरावाडी आणि मग तळेगाव लागते. मजकुरातला कारखाना तो हाच, पैसा फंडाचा (१९०८). अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार फिरून माणशी वर्षाला एक पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा हिस्सा, मागितला. टिळकांनी त्यांना पाठबळ दिले. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली भट्टी पेटली.

लेखकाने टिळकांना येथे ‘निव्वळ सनातनी’ ठरवले आहे, ते जरा घाईचे वाटते. १८९१च्या संमतिवयाच्या विधेयकाला (वय दहावरून बारा) त्यांनी कडाडून विरोध केला, हे खरेच. पण मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, असे लोकांनी आपणहून ठरवावे, हेही तेच सुचवत होते. परक्या सरकारने त्यात हात घालावा, हे त्यांना खपत नव्हते. अर्थात, या भांडणात सनातन्यांचे फावले, तेही नाकारता येत नाही. लातूरला, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना काढणारे टिळकही हेच. त्या व्यवहाराबद्दल पुढे सातव्या प्रकरणात आले आहे.

— संपादक