इस्मतने लखनौ का निवडलं?

रशीद जहाँ, अतिया हुसैन, इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर. विसाव्या शतकातल्या मुस्लीम लेखिकांची यादी करायला बसलं तर ही चार नावं टाळता येत नाहीत. चौघींची घरं वेगळी, स्वभाव वेगळे, राजकारणही वेगळं. एक कम्युनिस्ट डॉक्टर, एक तालुकदार घराण्यातली इंग्रजीत लिहिणारी, एक फटकळ बंडखोर आणि एक इतिहासात बुडालेली कादंबरीकार. पण चौघी वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरात लखनौच्या एकाच छोट्या कॉलेजातून गेल्या. इझाबेला थोबर्न कॉलेज, लखनौकरांच्या तोंडी ‘आयटी कॉलेज’. आजच्या वाचकाला त्यातून संगणकाचं कॉलेज वाटेल, म्हणून आधीच सांगितलं.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

इझाबेला थोबर्न ही अमेरिकन मेथडिस्ट मिशनची बाई. १८७० मध्ये तिने लखनौच्या अमीनाबादेत सहा मुलींची शाळा सुरू केली. १८८६ मध्ये तिथे कॉलेजचे वर्ग लागले. नमुना अमेरिकेतल्या छोट्या निवासी कॉलेजांचा होता. विद्यार्थी थोडे, बहुतेक सगळे आवारातच राहणारे, शिक्षिकाही तिथेच राहणाऱ्या. एका विषयाचा धंदा शिकवण्यापेक्षा साहित्य, इतिहास, विज्ञान, संगीत, खेळ हे सगळं थोडंथोडं अंगात मुरावं ही कल्पना. आज आपल्याकडे ज्याला ‘लिबरल आर्ट्स’ म्हणतात आणि ज्याच्या जाहिराती दहावी-बारावीच्या निकालानंतर वर्तमानपत्रांची पानं भरून येतात, ते हेच. आपल्याकडे ही नवी चीज नाही. लखनौत ती १८८६ पासून आहे.

मिशनचं कॉलेज म्हणजे धर्मप्रसाराचा हेतू होताच. तो लपवलेलाही नव्हता. त्यामुळे मुस्लीम घरांची भीती निव्वळ खुळी नव्हती. ‘मुलगी ख्रिस्ती होईल’ हा त्या काळचा खरा प्रश्न होता. तरीही काही बापांनी मुली पाठवल्या, कारण बी.ए. होऊ पाहणाऱ्या आणि घरापासून दूर राहावं लागणाऱ्या मुलीसाठी उत्तरेत दुसरी दारं फार नव्हती.

आता कुणी विचारेल, अलिगड होतं ना? इथेच गोष्ट अडते.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये मुलांना घेऊन विलायतेला गेले. मुलगा सय्यद महमूद केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात शिकत होता. सर सय्यदांच्या नजरेत केंब्रिजची पुस्तकं जेवढी भरली, त्याहून जास्त तिथली राहणी भरली. एकत्र राहणं, एकत्र जेवणं, संध्याकाळी वादसभा, मैदानावर क्रिकेट. परतल्यावर २४ मे १८७५ रोजी अलिगडला मदरसा उघडला, आणि ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटनच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. कलकत्ता, मुंबई, मद्रासची विद्यापीठं तेव्हा फक्त परीक्षा घेत. मुलगा शहरात नातेवाइकाकडे राही, कॉलेजात तास ऐके, पाठ करी, पास होई. सर सय्यदांना ते नको होतं. त्यांना मुलगा घरातून उचलून आणून नव्या घरात वाढवायचा होता.

या नव्या घरात काय काय घडलं ते कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नव्हतं. शिबली नोमानी तिथे फारसी-अरबी शिकवत, थॉमस अर्नोल्ड तत्त्वज्ञान. अर्नोल्डने शिबलींकडून अरबी घेतली आणि शिबलींनी अर्नोल्डकडून फ्रेंच. १८९२ मध्ये शिबली तुर्कस्तानच्या प्रवासाला निघाले तेव्हा जहाजावर काही अंतर दोघं सोबत होते. एकाच आवारात दोन माणसं राहिली नसती तर हे झालं असतं का? प्रिन्सिपॉल थिओडोर बेकना या हॉस्टेलातून सरकारशी एकनिष्ठ तरुण हवे होते. निघाले मोहम्मद अली आणि शौकत अली. १९०७ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला. १९२० मध्ये असहकारात मुलं कॉलेज सोडून बाहेर पडली आणि तिथेच, अलिगडातच, जामिया मिल्लिया उभी राहिली. बाहेर पडलेल्यांत झाकिर हुसैन होते. रात्री जागून गप्पा मारणारी पोरं कुठल्या बाजूला जातील हे हॉस्टेल बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही.

पण हे घर फक्त मुलांचं होतं. तेही सगळ्या मुलांचं नव्हे. ते शरीफ घराण्यांसाठी होतं, आणि हॉस्टेलच्या खोल्यांनाही फीप्रमाणे पहिला आणि दुसरा दर्जा होता. हिंदू विद्यार्थी होते, कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद नावाचा हिंदूच. विणकराचा, खाटकाचा मुलगा मात्र त्या चित्रात नव्हता. आणि मुलगी तर नव्हतीच. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सर सय्यदांनी सांगितलं की मुसलमान पुरुष मोठ्या संख्येने शिकल्याशिवाय मुसलमान स्त्रियांच्या शिक्षणाची समाधानकारक सोय होऊ शकत नाही. मी सर सय्यदांना मानतो. पण या एका वाक्याची किंमत किती पिढ्यांनी मोजली, याचा हिशोब आपण मांडत नाही.

तो हिशोब शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मांडला. १९०६ मध्ये त्यांनी अलिगडात मुलींची शाळा काढली. मुली डोलीतून येत, पडदे सोडून. शाळा चालली, पण फक्त गावातल्या मुलींची. बाहेरगावची मुलगी यायची तर राहणार कुठे? १९१४ मध्ये भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांच्या हस्ते मुलींच्या बोर्डिंगचं उद्घाटन झालं. लोक मुली पाठवायला धजेनात, तेव्हा वहीद जहाँ बेगम स्वतः बोर्डिंगात राहायला गेल्या. आपल्या आणि नात्यातल्या मुलींपासून सुरुवात केली. मुलांची शाळा १८७५ ची, मुलींचं बोर्डिंग १९१४ चं. मध्ये एकोणचाळीस वर्षं. याच दांपत्याची मुलगी रशीद जहाँ. पुढच्या शिक्षणासाठी तीही लखनौला आयटी कॉलेजात गेली, तिथून दिल्लीला डॉक्टर व्हायला. १९३२ चा ‘अंगारे’ हा कथासंग्रह, ज्यावर पुढच्याच वर्षी बंदी आली, त्यातली एकमेव स्त्री ती.

इस्मतची हकिगत तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. घरात तिच्या लग्नाचं आणि स्वयंपाक शिकण्याचं बोलणं चाललं होतं. तिला अलिगडला शिकायचं होतं. पाठवलं नाहीत तर पळून मिशनच्या शाळेत जाईन आणि ख्रिस्ती होईन, असं ती बापाला म्हणाली. बाप सरकारी अधिकारी, समजूतदार माणूस. त्याने पाठवलं. मला यात गंमत वाटते ती ही, की मिशनची जी भीती बाप लोकांना होती तीच या मुलीने हत्यार म्हणून वापरली. अलिगडच्या बोर्डिंगात ती राहिली, पण तिथे तेव्हा मुलींना इंटरच्या पुढे वर्ग नव्हते. मग बी.ए.साठी लखनौ. ‘टेढी लकीर’ कादंबरीत हॉस्टेलचं आयुष्य जसं आलंय, त्यातल्या मैत्र्या, मत्सर, भुका, गुपितं, ते तास ऐकून घरी परतणाऱ्या मुलीला लिहिता आलं नसतं. लखनौतच १९३६ मध्ये प्रगतिशील लेखक संघाचं पहिलं अधिवेशन भरलं, प्रेमचंद अध्यक्ष. इस्मत तिथे हजर होती. पुढे ती शाळा निरीक्षक होऊन मुंबईत आली आणि १९९१ पर्यंत, मरेपर्यंत, मुंबईचीच राहिली. कुर्रतुलऐन हैदरही काही वर्षं मुंबईत पत्रकारिता करत होती. चौघींपैकी कुणीही ख्रिस्ती झाली नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, वाट वेगळी होती. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली, १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. शहरातल्या मुलाने सकाळी यावं, संध्याकाळी घरी जावं. व्यापारी शहराला ते सोयीचं होतं. निवासी कॉलेज पुण्याजवळ येरवड्याला होतं, डेक्कन कॉलेज. टिळक आणि आगरकरांची गाठ तिथेच पडली आणि १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलचा बेत तिथल्याच रात्रीच्या चर्चांत शिजला. अलिगड काय, येरवडं काय, रात्रीचं काम सारखंच.

पण येरवड्याला राहणं खेड्यातल्या मुसलमान पोराच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याचं उत्तर शाहू महाराजांनी शोधलं. कॉलेज निवासी करण्याऐवजी त्यांनी निवास वेगळा काढला. कोल्हापुरात एकेका जातीची, समाजाची बोर्डिंगं निघाली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, महाराज स्वतः अध्यक्ष झाले आणि मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग उभं राहिलं. मुलगा बोर्डिंगात राहायचा, शिकायला राजाराम हायस्कुलात, कॉलेजात जायचा. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात त्याच्या पुढचं पाऊल टाकलं आणि सगळ्या जातिधर्मांची पोरं एका छपराखाली आणली, स्वयंपाकालाही त्यांनाच लावलं. माझ्या दृष्टीने केंब्रिजची कल्पना खऱ्या अर्थाने देशी झाली ती तिथे. माझे एक मामा अशाच बोर्डिंगात राहून शिकले. भाकरी थापायला ते तिथे शिकले आणि मामीला त्याचा आयुष्यभर फायदा झाला.

मुलींसाठी कर्व्यांचं हिंगणं होतं, पण तिथवर मुसलमान मुलगी पोहोचणं कठीणच होतं. आपल्या मुली मुंबईत मावशीकडे, आत्याकडे राहून शिकल्या. मावशीच्या घरी राहणं म्हणजे शिक्षण अधिक भांडी.

गेल्या महिन्यात भाचीला अशाच एका छोट्या निवासी कॉलेजात जागा मिळाली. इतिहास आणि संख्याशास्त्र एकत्र घ्यायचं आहे तिला. जवळच्या कॉलेजात ते जमत नाही, एक घेतलं की दुसरं सुटतं. घरात दोन पक्ष पडले. कुणी म्हणतं फी वर्षाला लाखांत, तेवढ्यात दोन भावंडं शिकतील. कुणी म्हणतं एवढ्या लांब एकटी पोर. तिच्या वडिलांनी मला विचारलं, कारण मी जुनी पुस्तकं वाचतो.

फीचा मुद्दा मला खरा वाटतो. पहिल्या-दुसऱ्या दर्जाच्या खोल्या अलिगडबरोबर संपल्या नाहीत, फक्त दर आता छापील पत्रकात येतो. म्हणून मी सांगितलं, शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती आहे की शेवटपर्यंत, हे लेखी घ्या. मेसचं बिल त्यात धरलंय का विचारा. वॉर्डन आवारात राहते की संध्याकाळी घरी जाते ते बघा. शिक्षक कुठे राहतात, रात्री लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, सुट्टीत हॉस्टेल बंद होतं का, तेही. रमजानात सहरीची सोय काय, हेही मोकळेपणाने विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

‘एकटी पोर’वर मी वाद घातला नाही. वहीद जहाँ बेगमची गोष्ट सांगितली. बहीण ऐकत होती. म्हणाली, मग आधी मीच जाऊन दोन दिवस राहून येते. पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलंय.