शंभर माणसे आणि विजेची तार



देवगाव रंगारी घ्या, नाहीतर कन्नड तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. पूर्वी रात्रीच्या कीर्तनाला, तमाशाला उजेड असे तो मशालींचा, टेंभ्यांचा आणि पुढे गॅसबत्त्यांचा. बत्ती भडकली तर ती साऱ्यांना दिसे. कोणीतरी उठून सांभाळी. विजेचे तसे नाही. तारेत वीज आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून विजेच्या मागोमाग कायदाही आला.

१९१० साली भारतीय विद्युत अधिनियम झाला. त्याच्या ३० व्या कलमात एक अट होती. जिथे १०० किंवा अधिक माणसे जमण्याचा संभव, तिथे २५० वॅटांपेक्षा जास्त वीज वापरायची असेल तर सात दिवस आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला लेखी कळवावे. २५० वॅट म्हणजे किती? ६० वॅटचे जेमतेम चार दिवे! हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि खेड्यांत वीज नव्हतीच. पण गर्दी आणि वीज एकत्र आली की जोखीम वाढते, हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते. २००३ च्या विद्युत कायद्याने जुना कायदा रद्द केला, पण ही अट ५४ व्या कलमात कायम राहिली. शंभर माणसे तीच, सात दिवस तेच. विद्युत निरीक्षकालाही कळवावे, एवढे मात्र स्पष्ट झाले.

कोणी म्हणेल, दोन दिवसांचा मांडव, फ्यूज आहेच, मग एवढा खटाटोप कशाला? फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. ६० वॅटचा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर वीज घेतो. त्याच्या आठव्या हिश्श्याएवढी वीज छातीतून गेली तरी माणूस दगावू शकतो, आणि पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवतात ते याचसाठी.

दुसरा धोका आगीचा. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली गावी एका शाळेचा बक्षीस समारंभ शामियान्यात चालला होता. शॉर्टसर्किट झाले, कृत्रिम धाग्याचे कापड पेटले आणि चारशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत शाळकरी मुले फार होती. गुरुजनहो, आपली संमेलनेही अशाच मांडवात होतात.

तेव्हा जत्रा असो, सप्ताह असो की संमेलन असो, खांबावर आकडा टाकू नका. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घ्या. तारेचे सांधे उघडे ठेवू नका, तार लोखंडी खांबाला गुंडाळू नका, मांडवाच्या कापडाला दिवा टेकू देऊ नका. अर्थिंग तपासून घ्या. मुख्य बटण कोठे आहे, हे निदान दोघांना ठाऊक असू द्या. मांडव दोन दिवसांचा असला, तरी त्यातली वीज कायमच्या घरातल्या विजेइतकीच जोरकस असते.