जाळीच्या कापडावरची लोकर

आपल्याकडे जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत बसवलेला एखादा पोपट किंवा फुलांची परडी दिसते. जवळ जाऊन पाहिले की कळते, हे चित्र रंगाचे नाही, लोकरीचे आहे. मॅटीच्या किंवा जाळीच्या कापडाची घरे मोजून, एकेका घरातून लोकर ओवून कोणा आजीने ते भरलेले असते. पूर्वी रुखवतात अशा चौकटींना मान असे. तुमच्याही घरी एखादी असेल.

या कामाचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि थोडा शिकवण देणाराही. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्याची लाट आली, ती बर्लिन शहरातून. सुमारे 1804 साली तिथल्या फिलिप्सन नावाच्या प्रकाशकाने चौकोनी घरांच्या कागदावर रंगीत नमुने छापले. कागदावरचे एक घर म्हणजे कापडावरचा एक टाका. चित्रकला येवो न येवो, घरे मोजता आली म्हणजे झाले! साहजिकच हे काम घरोघर गेले. 1840 पर्यंत असे चौदा हजार नमुने निघाले होते, अशी नोंद त्या काळच्या एका इंग्रज लेखिकेने केली आहे. पुढे 1856 साली पर्किनने जांभळा कृत्रिम रंग शोधला, आणि भडक रंगांच्या लोकरींनी बाजार भरून गेला.

पण जे सोपे झाले तेच पुढे ओझे झाले. सर्वांच्या घरी तोच कुत्रा, तोच गुलाब! हाताला काम उरले, डोक्याला उरले नाही. शेकडो वर्षांचे निरनिराळे टाके होते. ते मागे पडून एक-दोनच राहिले. 1870 नंतर लोक या कामाला कंटाळले. 1872 साली लंडनमध्ये भरतकामाची एक शाळा निघाली. जुन्या, चांगल्या भरतकामाला पुन्हा मान मिळवून द्यावा, हा तिचा उद्देश होता.

जाळीवरचे काम मात्र खऱ्या अर्थाने पुन्हा उभे केले ते लुइझा पेसेल या बाईंनी. त्यांचा जन्म 1870 चा, ब्रॅडफर्डचा. म्हणजे लोकरीच्याच गावचा. त्यांनी नवे नमुने विकत आणले नाहीत. त्या संग्रहालयात गेल्या, जुनी वस्त्रे समोर ठेवून एकेक टाका कसा घातला आहे ते शोधले, स्वतः घालून पाहिला आणि मग पुस्तकांतून लोकांपुढे ठेवला. पहिल्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांना त्यांनी ब्रॅडफर्डमध्ये भरतकाम शिकवले. बंदूक धरलेले हात सुई धरू लागले, आणि त्या सैनिकांनी प्रार्थनेच्या वेदीसाठी एक सुंदर वस्त्र भरले.

पुढे 1931 पासून विंचेस्टरच्या जुन्या कॅथीड्रलसाठी, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसाठी, बैठकीच्या गाद्या आणि गुडघे टेकण्याच्या उशा भरण्याचे काम त्यांनी हाती घेतले. आराखड्यांत सिबिल ब्लंट या चित्रकर्तीचे साहाय्य होते. भरणाऱ्या बहुतेक साध्या घरच्या, हौशी बायका. पेसेलबाई आधी नमुना स्वतः भरून दाखवीत, मग इतरांनी तो पाहून भरायचा. गाद्यांवरची चित्रे त्याच गावच्या इतिहासातली होती. 1936 पर्यंत तीनशेहून अधिक उशा तयार झाल्या. त्यानंतर इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चमध्ये लोकांनी असेच काम हाती घेतले.

आता जरा विचार करा. बर्लिनच्या कागदाने काम घरोघर नेले, हे त्याचे उपकार. पण कलेचा जीव त्याने घालवला. पेसेलबाईंनी तीच सुई, तीच लोकर, तेच जाळीचे कापड घेतले. फरक एवढाच की, जुने नीट समजून घेतले आणि चित्र आपल्या गावचे काढले. बुडालेली कला परत येते ती अशी. नुसते जुने उकरून काढल्याने येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. हस्तकलेच्या तासाला छापील पोपट देण्याआधी मुलांना एक काम सांगा : घरातली जुनी चौकट खाली उतरवून तिची मागची बाजू पाहून या. समोरून चित्र दिसते, पण टाका कुठे सुरू झाला, लोकर कशी फिरली, हे मागूनच कळते. मग चौकोनी वहीत आपल्या गावची वेस, विहीर, बैलजोडी काढू द्या. एक घर, एक टाका. आणि आजी घरात असेल तर तिलाच विचारा, बरं का! संग्रहालयातले वस्त्र शंभर वर्षांनीही पाहता येईल. आजीच्या हातातला टाका मात्र तिच्याकडूनच शिकायचा असतो, आणि त्याला आज आहे तेवढाच वेळ आहे.