वाढवण बंदर संघर्ष

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याच्या समुद्रात वाढवण येथे होऊ घातलेल्या महाबंदराविरुद्ध मच्छीमार, शेतकरी आणि आदिवासी यांनी जवळपास तीन दशके चालवलेला लढा. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून मोठ्या कंटेनर जहाजांसाठी ही जागा निवडली गेली.

केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९८ मध्ये एका परदेशी कंपनीचा बंदर-प्रस्ताव फेटाळला. प्रदूषणकारी उद्योगांना तालुक्यात मनाई असल्याने बंदराला उद्योग म्हणायचे की नाही, यावर पुढे सारे अवलंबून राहिले. २०२० मध्ये केंद्राने बंदरे प्रदूषणकारी उद्योगांच्या वर्गवारीतून वगळली. मनाई कागदावर तशीच राहिली आणि बंदर तिच्या कक्षेबाहेर गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली व ३० ऑगस्टला पायाभरणी झाली.

बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध बांधायचा आहे. भरावाची वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून आणायची आहे. एवढ्या बांधकामाने प्रवाह बदलतात, गाळ नव्या जागी बसतो, खडकाळ किनाऱ्यावरील माशांची अंडी घालण्याची ठिकाणे झाकली जातात. पापलेट, घोळ, शेवंड, बोंबील यांवर जगणारी गावे याच पट्ट्यात आहेत.

जमीन घ्यायची तर सातबारा पाहावा लागतो, मोबदला ठरवावा लागतो. समुद्राला सातबारा नाही. डोलजाळी ज्या खुंटांना बांधतात त्या कवींच्या जागा घराण्यांकडे पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत. गावागावांत कवींवरून हद्दीचे वाद होतात, इतका तो हक्क पक्का आहे. तरी महसुली दप्तरात त्याची नोंद नाही. त्यामुळे बंदर समुद्रात असल्याने विस्थापन होत नाही, हा सरकारी युक्तिवाद अपुरा ठरतो. घर जागेवर राहिले तरी मासेमारीची जागा जाते. ओहोटीला खडकांवर कालवं वेचणाऱ्या, मासळी सुकवणाऱ्या व विकणाऱ्या बायकांची नावे तर बोटीच्या परवान्यावरही नसतात. भरपाईच्या यादीतून त्या सर्वांत आधी गळण्याची भीती आहे.

किनाऱ्याच्या आत प्रश्न पुन्हा जमिनीचा होतो. महामार्गाशी व रेल्वेशी जोडणाऱ्या मार्गांसाठी भूसंपादन लागते. डहाणू हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका असल्याने पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या) कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, आणि ग्रामसभेने नकार दिला तर काय, हा आंदोलकांचा प्रश्न तिथेच अडतो.