खुला मार्ग
* लोहमार्ग एकाचा, मालगाड्या अनेकांच्या. ठरलेले भाडे भरणाऱ्या प्रत्येकाला वाट मिळते. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्याचा कोळसा न्यूकॅसल बंदरावर असाच जातो. तिथले रूळ २००४ पासून एआरटीसी या सरकारी कंपनीकडे भाडेपट्ट्याने आहेत. आपल्याकडे हिमायतनगरवरून जाणारा मुदखेड–आदिलाबाद मार्ग पुढे पिंपळखुटीवरून माजरीच्या कोळसापट्ट्याला भिडतो, पण इथे रूळ, सिग्नल, चालक सगळे रेल्वेचेच. २००६ साली खासगी कंटेनर गाड्यांना परवानगी मिळाली. कोळसा मात्र त्यातून वगळला गेला. त्यामुळे वाघिणींवर कंपनीचे नाव रंगवलेले दिसले, तरी पुढचे इंजिन कोणाचे हे आधी पाहावे. हा फरक मोठा आहे, कारण इंजिनाशिवाय गाडी सुटत नाही.