आईच्या छातीची ऊब

१९७८. कोलंबियाची राजधानी बोगोटा. तिथल्या 'इन्स्टिट्यूटो मातेर्नो इन्फान्तिल' या गरिबांच्या प्रसूतिगृहात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत. एकेका पेटीत दोन-तीन अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवावी लागत, मग एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी यावर उपाय शोधला, तो आईच्याच अंगावर.

बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपडं. आईच्या उघड्या छातीवर त्याला उभं निजवायचं, मान किंचित एका कुशीला, वरून फडक्याने घट्ट बांधायचं. ऊब मिळते, दूध तोंडाशी असतं. डॉ. हेक्टर मार्तिनेझ यांनी ही पद्धत पुढे नेली. तिचं नाव पडलं 'कांगारू मदर केअर'.

तरीही कितीतरी वर्षं नियम एकच राहिला: बाळ आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे. तोवर आई अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर.

तो नियम चूक होता. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत जन्मल्याबरोबर बाळं आईच्या छातीवर दिली गेली, तेव्हा मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२पासून जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच शिफारस आहे. आता अतिदक्षता विभागात आईसाठी खाट हवीच.