रामपुरी चाकू आणि आपलं खाणं

रामपूर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. नवाब आणि चाकू. त्यातला चाकू आठवतो तोही गुंडाच्या हातातला. मिटणारा, खिशात मावणारा हा चाकू कांदा-काकडी चिरायलाही असू शकतो, हे कुणाच्या मनात येत नाही. आपल्या समाजाबद्दल ‘खिशात चाकू घेऊन फिरणारे’ हे जे कुत्सितपणे बोललं जातं, त्याचा बराचसा उगम इथेच आहे. म्हणून या वस्तूचा इतिहास जरा नीट पाहायला हवा.

पातं आणि जेवण यांचं नातं इस्लामी परंपरेत जुनं आहे. प्रेषित मुहंमद (स.) बकऱ्याच्या खांद्याचं मांस सुरीने कापून खात होते, तेवढ्यात नमाजची वेळ झाली आणि ते सुरी खाली ठेवून उठले, अशी रिवायत बुखारींच्या संग्रहात आहे. तबूकच्या मोहिमेत त्यांच्यासमोर पनीर आलं, तेव्हा त्यांनी सुरी मागवली, अल्लाहचं नाव घेतलं आणि ते कापलं, असं अबू दाऊद सांगतात. मांस सुरीने कापू नये असं सांगणारी एक रिवायतही त्यांच्याच संग्रहात येते, पण ती भक्कम नाही असा शेरा त्यांनी स्वतःच मारून ठेवलाय. या सुऱ्या मिटणाऱ्या होत्या असं मला म्हणायचं नाही. दस्तरखानावर पात्याला मज्जाव नव्हता, एवढंच.

लहान चाकूचं दुसरं घर म्हणजे कातिबाची बैठक. उर्दू-फारसीत त्याला ‘क़लमतराश’ म्हणतात, म्हणजे लेखणी तासणारा. बोरू तासायचा, त्याच्या टोकाला तिरका छेद द्यायचा. या छेदाला ‘क़त’ म्हणतात आणि अक्षराचं सगळं वळण त्यावर ठरतं. १७७४ साली फैजुल्ला खान रोहिल्याने रामपूर संस्थान उभं केलं. तिथल्या रझा ग्रंथालयात आज खुशनवीसीचे सुंदर नमुने आहेत. त्यातल्या प्रत्येक ओळीआधी कुणीतरी चाकू हाती घेतलेला असणार. आणि खिशात पातं असलेला माणूस दुपारी पेरू दाताने तोडत बसला असेल, असं मला तरी वाटत नाही.

आपल्या मराठी घरांत खाण्याला चाकूची गरज फारशी पडलीच नाही. भाजीला विळी, सुपारीला अडकित्ता आणि शेतात भाकरीसोबतचा कांदा फोडायला बुक्की! चाकू लागायचा तो प्रवासात, कारण विळी काही खिशात मावत नाही.

आता या चाकूच्या बनावटीकडे पाहा. मुठीत एक कमानी असते. पातं उघडलं की ती खाचेत बसते आणि पातं आपोआप मिटत नाही. सिनेमाने या उघडण्याच्या आवाजाला दहशतीचं संगीत करून टाकलं. पण ही सोय पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या बोटांसाठी आहे. कडक फळावर जोर देताना पातं बोटांवर मिटलं तर काय होईल, हे ज्याने फळ कापलंय त्याला सांगायला नको. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा मिटणारा चाकू बनवला. १९५५ साली त्याला पातं अडकवून ठेवणारं फिरतं कडं बसलं. हेतू हाच. तिकडे लोक त्याने पाव आणि चीज कापतात आणि देशाचा वारसा म्हणून तो मिरवतात.

रामपुरीने कधी कुणाचं रक्त सांडलं नाही, असं कुणी म्हणणार नाही. पण ‘वक्त’ (१९६५) मधल्या राजकुमारपासून पुढची दोन-अडीच दशकं पडद्यावर त्याने दुसरं काही केलंच नाही. हिंदी सिनेमात रामपुरीने सफरचंद सोललं तरी ते समोरच्याला धमकावण्यासाठी.

कायदा मात्र सिनेमापेक्षा समजूतदार निघाला. १९६२ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळले. म्हणजे पातं कशासाठी घडवलं, हा प्रश्न कायद्याने विचारला. उत्तर प्रदेशात पुढे साडेचार इंचांहून लांब रामपुरीवर बंदी आली, तेव्हा हा प्रश्न मागे पडला. लांबी तेवढी उरली. फटका बसला तो पिढ्यान्‌पिढ्या पाती घडवणाऱ्या कारागिरांना.

२०२३ मध्ये त्याच रामपूरमध्ये चौकात २० फुटांचा चाकू उभारला गेला. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. कारागीर बाजारात अजून चाकू विकतात, साडेचार इंचांच्या आतले. काकडी चिरायला तेवढं पातं पुरतं.